चेरोकींची जमीन आणि गुलामांचे श्रम

मूळ रहिवाशांना हटवून त्यांच्याच भूमीवर कायमचे ठाण मांडणाऱ्या सत्तेला ‘स्थायिकांचा वसाहतवाद’ म्हणतात आणि अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात त्याचे रूप उघडेवाघडे दिसते. तिथले मूळ रहिवासी असलेले चेरोकी लोक स्वतःच्या घरांत राहून शेते कसत असतानाच, १८३२ मध्ये राज्याने त्यांच्या जमिनीची सोडत काढली. एका पिंपातून गोऱ्या अर्जदाराचे नाव आणि दुसऱ्यातून भूखंडाचा क्रमांक निघाला, की १६० एकरांचा, तर सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचा मालक ठरे. पुढे १८३८-३९ मध्ये लष्कराने सुमारे १६,००० चेरोकींना आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलले. वाटेत आणि छावण्यांत अंदाजे ४,००० जण दगावले. आग्नेयेकडील जमातींच्या अशा रिकाम्या केलेल्या जमिनींवर गुलाम आफ्रिकी वंशीयांच्या श्रमावर कापसाचे मळे फोफावले. याहून क्लेशदायक, आणि फारच क्वचित सांगितली जाणारी बाब म्हणजे, काही श्रीमंत चेरोकींकडेही गुलाम होते व ते गुलामही हद्दपारीच्या याच वाटेने चालले. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६६ च्या तहाने या मुक्त झालेल्या गुलामांना व त्यांच्या वंशजांना चेरोकी नागरिकत्वाचे हक्क दिले. २००७ मध्ये चेरोकी मतदारांनी ते काढून घेतले आणि अखेर २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने ते पुन्हा मान्य केले.