वामीच्या पोटातला उन्हाळा

एप्रिल-मे उजाडेपर्यंत गोदावरीचं पाणी डोहाडोहांत तुटलेलं असतं. अशा डोहातली वाम चिरून आतडं पाण्यात उघडलं, की कधीकधी पांढुरक्या, सपाट फिती वळवळताना दिसतात. हे पट्टकृमी. त्यांना तोंड नाही, पोट नाही; माशाने पचवलेलं अन्न अंगानेच शोषायचं. मात्र सेंगा नावाच्या गटातल्यांच्या डोक्यावर आकड्यांचा मुकुट असतो, आतड्याला घट्ट धरून राहायला. (खवय्यांनी दचकू नये, आतडं आपण टाकूनच देतो.)

मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी महिन्यामागून महिने मासे चिरून हे कृमी मोजले. त्यांच्या बहुतेक नोंदी एकच सांगतात: उन्हाळ्यात कृमी भरपूर, पावसाळ्यात अगदी थोडे. आतड्याच्या काळोखात, जिथे ना ऊन ना ढग, तिथे ऋतू पोचतो कसा?

सायक्लॉप्सच्या पाठीवर बसून! कृमीची अंडी विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. त्यांतल्या अळीला सायक्लॉप्स नावाचा, टिचभरही नसलेला, ठिपक्याएवढा जीव गिळतो आणि मासा त्याला गिळतो. जुन्या लोकांना हा सायक्लॉप्स ठाऊक आहे. बारवेच्या पाण्यातून नारू माणसाच्या अंगात शिरायचा तो याच्याच पोटातून. (देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला.) उन्हाळ्यात पाणी तापतं, अंडी लवकर फुटतात. डोह आकसतो, तसे मासे आणि सायक्लॉप्स एकाच थाळीत वाढल्यासारखे जवळ येतात. घासागणिक गाठ पडण्याची शक्यता वाढते.

पण ऊब सगळीकडेच कृमीच्या पथ्यावर पडते असं नाही, आणि मला खरी गंमत इथे वाटते. इंग्लंडच्या एव्हन नदीतल्या डेस माशांचा अभ्यास केनेडी नावाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात केला. तिथला पट्टकृमी थंडीत आणि वसंतात माशांत दिसतो, उन्हाळा सरता सरता नाहीसा होतो. पाणी उबदार झालं की माशाचं शरीरच त्याला बाहेर हुसकावतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे ऊब इथे पाहुण्याला आवतण देते, तिथे त्याचं बिऱ्हाड उचलते.

इकडे जूनमध्ये गढूळ पाण्याचा पहिला लोंढा येतो. डोह पुन्हा एकमेकांना जोडले जातात, अंडी आणि सायक्लॉप्स दूरवर वाहून जातात. वाम पुराच्या पाण्यात हिंडू लागते, आणि तिच्या घासात कृमीची अळी क्वचितच येते.