हिमाखालचा पॉसम

जीवाश्मांच्या दप्तरात लुप्त म्हणून नोंदला गेलेला प्राणी सुमारे सत्तर वर्षांनी हयात असल्याचे उघडकीस यावे, असे प्रसंग प्राणिशास्त्रात विरळाच. न्यू साउथ वेल्समधील वोंबेयन गुहांत सापडलेल्या हाडांवरून रॉबर्ट ब्रूम या शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास ज्याला ‘बुरामिस पार्व्हस’ हे नाव दिले, तो जीव १९६६ साली व्हिक्टोरियातील माउंट हॉथम येथे, हिमक्रीडेसाठी येणाऱ्यांच्या एका विश्रामगृहात जिवंत सापडला. हा पर्वतीय पिग्मी पॉसम म्हणजे पोटावरील पिशवीत पिले वाढविणाऱ्या शिशुधान वर्गातील, सुमारे ४५ ग्रॅम वजनाचा व लांब शेपटीचा इवलासा प्राणी.

ऑस्ट्रेलियन आल्प्सच्या माथ्यांवरील शिलाराशींच्या फटींत तो राहतो आणि हिवाळ्यात हिमाखाली कित्येक महिने शीतनिद्रा घेतो. त्या काळात त्याच्या देहाचे तापमान सुमारे २ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. मात्र वरचे हिम रजईसारखे जाड असेल तरच थंडीची धार बोथट होते, आणि ते विरळ पडले तर वारंवार जाग येऊन चरबीची शिल्लक वसंतापूर्वीच संपण्याची भीती असते. या चरबीची बेगमी बिया, फळे आणि विशेषतः बोगाँग पतंग यांवर होते. दूरच्या मैदानांत जन्मलेले हे पतंग तेथील उन्हाळा चुकविण्यासाठी शेकडो किलोमीटर उडत येऊन याच पर्वतांच्या कपारींत मुक्काम करतात.

खाद्याने समृद्ध अशा उंच जागा माद्यांच्या ताब्यात असतात. नर समागमापुरते वर येतात व पुन्हा खाली उतरतात. हिमक्रीडेच्या रस्त्याने ही वाट अडली, तेव्हा नर वरच रेंगाळले आणि माद्यांच्या वाट्याचे अन्न व आसरा अपुरा पडू लागला. म्हणून १९८० च्या दशकात रस्त्याखाली दगड भरलेला बोगदा बांधण्यात आला, आणि नरांची ये-जा पूर्ववत झाली. माउंट बुलर येथील क्षीण झालेल्या वस्तीत २०११ साली हॉथमचे नर सोडल्यावर तिचाही वंश सावरला.

परंतु २०१७ नंतरच्या दुष्काळात मैदानांतील पतंगांचेच पीक बुडाले, आणि डोंगरावर आयांच्या पिशव्यांतील पिले उपासमारीने दगावली. ज्या प्राण्याची रसद दूरच्या शेतशिवारांतून येते, त्याचे रक्षण केवळ शिखरांभोवती अभयारण्याची हद्द आखून होणार नाही. पतंगांच्या जन्मभूमीची आणि वाढत्या उष्म्याने वितळणाऱ्या हिमाची चिंता त्या संरक्षणाच्या कलमांतच समाविष्ट केली पाहिजे.