गुंडाळलेले शीड का अडते?

पालीच्या किनाऱ्यावरील मासेमारी होड्या आज यंत्रावर चालतात. शिडाच्या होडीत मात्र वारा वाढला की परबाण खाली घेऊन शीड आवरावे लागे आणि त्याला अनेक हात लागत. मग २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांच्यासारखा नाविक 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करतो, तेव्हा काय? उसळत्या नाळेवर एकट्याने शीड उतरवणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणूनच आजच्या बहुतेक सहल-नौकांत पुढचे शीड उतरवीत नाहीत, जागच्या जागी गुंडाळतात.

डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेल्या पोलादी तारेवर खाचेची नळी असते. शिडाची कड त्या खाचेत बसते. नळीच्या तळाशी रीळ असते. रिळावरची दोरी मागे बसून ओढली की नळी फिरते आणि शीड तिच्यावर गुंडाळले जाते.

आता थोडे गणित करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० चौरस मीटर शिडावर सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा सुमारे ३०० न्यूटन बल लावतो. वेग १० मीटर झाला की १,२०० न्यूटन! शिवाय गुंडाळी जाड होत जाते, तर रिळावरची दोरी कमी होत जाते. म्हणजे तरफेचा फायदा घटत जातो. म्हणून उशीर न करता, शिडाची मागची दोरी आधी सैल सोडून गुंडाळणे शहाणपणाचे.

तरीही यंत्रणा अडते, असा अनेक नौकामालकांचा अनुभव आहे. दोष आपण खालच्या रिळात शोधतो. पुष्कळदा तो वर असतो. शीड वर धरणारी दोरी तारेला समांतर असेल, तर वरच्या फिरत्या कडीतील थोडेसे घर्षणही तिला नळीभोवती फिरवते. अशा वेळी विंच लावून जोर केला, तर नळी वाकते, तारेचे पीळ तुटतात आणि डोलकाठीच कोसळू शकते. उपाय साधा: त्या दोरीला तारेपासून सुमारे १० अंशांचा कोन द्यावा.

वर्गात पेन्सिलीच्या टोकावर सैल कडी घालून तिला दोरा बांधा. दोरा पेन्सिलीलगत सरळ वर धरून पेन्सिल फिरवा. मग तिरका धरून फिरवा. कोणता गुंडाळला जातो आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. अडलेल्या यंत्रावर जोर करण्याआधी कारण शोधावे, हा धडा समुद्राबाहेरही उपयोगी पडतो.