पाणथरीत दडलेला ताप

काला-आजाराने निदानाच्या बाबतीत भल्याभल्यांची फजिती केली आहे. आसामात या तापाने गावंच्या गावं ओस पडत होती, तेव्हा १८९०च्या सुमारास जाइल्स या सरकारी डॉक्टरांनी खापर हुकवर्मवर फोडलं. पुढे लिओनार्ड रॉजर्स यांना तो मलेरियाचाच उग्र अवतार वाटला. मलेरियाचं कोडं सोडवणारे खुद्द रोनाल्ड रॉसही तिकडे जाऊन साधारण तेच सांगत परतले. त्यांना हसण्यात अर्थ नाही. महिनोन्‌महिने ताप, फुगलेली पाणथरी, आटलेलं रक्त. त्या काळी दुसरं काय सुचणार? मलेरियावरच्या क्विनाइनला ताप दाद देत नव्हता, ही खूण मात्र जास्त मनावर घ्यायला हवी होती.

उलगडा झाला तो पाणथरीतच. डमडमच्या छावणीतून ताप घेऊन मायदेशी गेलेला एक सैनिक १९००मध्ये इंग्लंडात दगावला. विल्यम लीशमन यांना त्याच्या पाणथरीत बारीक अंडाकृती कण दिसले. ते त्यांनी १९०३मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनी तेच कण एका जिवंत मुलाच्या पाणथरीतून काढून दाखवले. मान कुणाचा, यावर जुंपली. रॉस यांनी दोघांची नावं एकत्र करून त्या कणरूपी परजीवीला ‘लीशमनिया डोनोव्हानी’ म्हटलं.

काचपट्टीवर गिम्सा रंग चढवला की मोठ्या भक्षक पेशींच्या पोटात हे कण दाटीवाटीने बसलेले दिसतात. एकेक दोन ते चार मायक्रॉनचा. आत गोल केंद्रक आणि शेजारी इवलीशी काडी. ती काडी दिसल्याखेरीज जाणता तंत्रज्ञ होकार देत नाही, कारण नुसते ठिपके प्लेटलेटचेही असू शकतात. बोटाच्या रक्तात हे कण क्वचितच सापडतात, म्हणून नेहमीची तपासणी कोरी येते. पाणथरीत सुई घातली तर हमखास सापडतात, पण आत रक्तस्राव झाला तर जिवावर बेततं. त्यामुळे बरेच डॉक्टर अस्थिमज्जेकडे वळतात.

सुई टाळणारी एक जुनी चाचणी नेपियर या डॉक्टरांची: रक्तद्रवात फॉर्मॅलिनचे थेंब टाकत. तो दुधासारखा पांढरा होऊन गोठला की काला-आजार. सोपी खरी, पण आजार मुरल्यावरच बोलणारी. आज बिहारच्या आरोग्य केंद्रांत रक्तातली प्रतिपिंडं ओळखणारी ‘आरके-३९’ची पट्टी असते. दोन आठवड्यांहून जास्त ताप, वाढलेली पाणथरी आणि मलेरिया नाही, एवढं जुळलं की बोटातून थेंबभर रक्त; निकाल काही मिनिटांत.

मुंबईत अडचण वेगळी. हा आजार पसरवणारी वाळूमाशी चावलेली असते गावाकडे आणि ताप भरतो इथल्या बांधकामावर. टायफॉइडचं औषध होतं, मग टीबीचा संशय येतो, मधल्या काळात रक्ताच्या तिन्ही पेशी घटतात. “गाव कुठलं?” हे कुणी विचारलंच नाही तर पट्टीची आठवणही होत नाही. आणि बिहारमधलं मुझफ्फरपूर किंवा सारण असं उत्तर आलं, तर लगेच पुढचा प्रश्न हवा: याआधी काला-आजाराचे उपचार झालेत का? रोग बरा झाल्यावरही प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात आणि पट्टीवर रेघ उमटतच राहते. अशा रुग्णात आजार उलटला आहे की नाही हे पट्टीला सांगता येत नाही. पुन्हा मज्जेत सुई घालून कणच शोधावे लागतात.