मालक परगावी, घर चालू

विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याकडचे खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. गावचं घर यात्रेला नाहीतर लग्नसराईला उघडतं. अशा घराला स्वयंचलित यंत्रणा खरोखर उपयोगी पडते; सुरुवात मात्र पाण्यापासून करावी.

शेतकऱ्यांना हे नवं नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’सारख्या मोबाईल स्टार्टरमुळे विहिरीवरची मोटर लांबूनच चालू-बंद होते, लाईट आहे की नाही तेही कळतं. घरच्या बोअरलाही टाकी भरल्यावर मोटर थांबवणारा सेन्सर आणि पाणी आटल्यावर ती बंद करणारं ‘ड्राय रन’ संरक्षण हवंच. नाहीतर मोटर जळते आणि कळतं ते यात्रेच्या आदल्या दिवशी.

दुर्लक्ष होतं ते विजेकडे. लाईट गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की कॅमेरा घरात असून नसल्यासारखा. राउटरला छोटा यूपीएस जोडावा, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालावं. बऱ्याच स्मार्ट प्लगना लाईट परत आल्यावर चालू व्हायचं की बंद राहायचं, ही सेटिंग असते. ती ‘बंद’वर ठेवावी. गीझरचा एमसीबी मात्र निघतानाच हाताने पाडावा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला, उंदरांनी कुरतडलेली वायर बघायला माणूसच लागतो. एक किल्ली भावकीत द्यावी आणि मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवावं.