तटबंदी घरांचीच

अॅमस्टरडॅमजवळच्या वेस्प इथे होगेवेक नावाची वस्ती आहे. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेले वृद्ध तिथे राहतात. कागदोपत्री ते शुश्रूषागृहच. पण आत रस्ते, चौक, बागा, किराणा दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह असं सगळं आहे.

पूर्वी इथे बंद वॉर्डांचं नेहमीचं शुश्रूषागृह होतं. तिथे काम करणाऱ्या इव्हॉन फान आमेरोंगेन यांचे वडील अचानक वारले, तेव्हा आई म्हणाली, बरं झालं, त्यांच्यावर अशा ठिकाणी राहायची वेळ आली नाही. लेकीच्या मनाला ते लागलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने आणि सहकाऱ्यांनी सगळाच नव्याने विचार सुरू केला. २००९मध्ये वस्ती पूर्ण झाली : २३ घरं, दीडशेच्या आसपास रहिवासी आणि सुमारे १.९ कोटी युरो खर्च, त्यातला बहुतेक सरकारी.

मला सर्वांत मोलाची वाटते ती इथली आखणी. घरांची पाठ बाहेर, तोंड आत; त्यामुळे इमारतींचीच तटबंदी होते आणि वेगळं कुंपण लागत नाही. बाहेर जायचं दार एकच. ते राखलं, की आतली दारं मोकळी ठेवता येतात. या आजारात माणूस उठून चालू लागतो, कुठे जायचंय हे त्यालाही सांगता येत नाही. आपल्याकडे अशा वेळी ग्रिलला कुलूप लागतं. घरच्यांचा नाइलाज असतो, पण आतल्या माणसाची तगमग त्याने वाढतेच. होगेवेकमध्ये त्याला चालू देतात.

एका घरात सहा-सात जण. स्वयंपाक घरातच, वाणसामान वस्तीतल्या दुकानातून. कालचं आठवत नसलं तरी हातापायांत मुरलेल्या सवयी पुष्कळ काळ टिकतात, म्हणून सारख्या राहणीची माणसं एकत्र ठेवली. सुरुवातीला असे सात प्रकार होते. त्यांतला एक इंडोनेशियाशी नाळ जुळलेल्यांचा. त्यांच्या ताटात भात आणि मसालेदार कालवणं.

हे सगळं नाटक आहे, रुग्णांची फसवणूक आहे, अशी टीका होते. मला ती पटत नाही. जर्मनीत काही वृद्धाश्रमांपुढे बसथांबे उभारले, जिथे बस कधीच येत नाही. ती फसवणूक म्हणता येईल. इथल्या दुकानातला पाव खराच असतो. साध्या कपड्यांत वावरणारे कर्मचारी प्रशिक्षित असतात, आणि उपाहारगृहात बाहेरची मंडळीही येऊन जेवतात.