मेंदूचा पक्षाघात आणि प्रौढ वयातील पाऊलदुखी

मुंबईच्या पश्चिम उपनगरात द्रुतगती महामार्ग ओलांडून पूर्वेकडे वळले की दिंडोशीचा चढ लागतो. संतोष नगर, नागरी निवारा परिषदेची वसाहत, चित्रनगरीकडे जाणारा रस्ता हा सारा परिसर राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांना लागून वसला आहे. निरोगी माणसाला हा चढ फार तर दम लावतो. परंतु सेरेब्रल पाल्सी अर्थात मेंदूचा पक्षाघात जन्मापासून सोबत घेऊन चालणाऱ्या प्रौढ व्यक्तीची खरी कसोटी येथे घोट्याशी लागते.

याचे कारण साधे आहे. सपाट रस्त्यावर चालतानाही प्रत्येक पावलागणिक घोटा सुमारे १० अंश पुढे वाकावा लागतो. चढावर पाऊल पूर्ण टेकवायचे तर रस्त्याचा जेवढा चढ, तेवढे आणखी वाकणे आले. ज्याच्या पोटरीचे स्नायू ताठर होऊन आखूड झाले आहेत, त्याचा घोटा सपाट जागेवरच जेमतेम पुरा पडतो. चढावर त्याची टाच उचलली जाते आणि शरीराचा सारा भार चवड्यावर येतो. उतारावर पाऊल पादत्राणात पुढे घसरते आणि बोटे चेपली जातात. बाजारातून घरी येईपर्यंत पाऊल का दुखू लागते, याचा उलगडा येथेच होतो.

हा मुलांचाच आजार आहे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. मेंदूच्या वाढीच्या काळात, म्हणजे गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत झालेल्या इजेमुळे ही अवस्था उद्‌भवते. ती इजा पुढे वाढत नाही, हे खरे. पण यावरून ‘आता यात बदल व्हायचा नाही, दुखले तरी सोसायचे’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. मेंदूतील इजा वाढत नसली तरी स्नायू, हाडे व सांधे वर्षानुवर्षे वाकड्या ताणाखाली झिजत राहतात. म्हणूनच इतरांना साठीनंतर जाणवणारे सांध्यांचे दुखणे या व्यक्तींना पुष्कळदा तिशी-चाळिशीतच गाठते. ‘वय झाले’ किंवा ‘आजारच तसा आहे’ असे सांगून त्यांची बोळवण करणे योग्य नव्हे.

या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन करणारे इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांचे स्वतःचे एक पाऊल बालपणीच्या पक्षाघाताने वाकडे झाले होते. १८३६ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक स्ट्रोमायर यांनी टाचेची कंडरा सैल करणारी शस्त्रक्रिया करून ते सुधारले. पुढे कित्येक वर्षे हा आजार ‘लिटलचा आजार’ म्हणूनच ओळखला जात असे. मुंबईत १९७२ मध्ये डॉ. मिथू अलूर यांनी ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली आणि अशा मुलांच्या शिक्षणाला व उपचारांना संघटित रूप आले. त्या काळात शाळेत दाखल झालेली मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. मुलांसाठी उपचार केंद्रे आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मात्र कोणाकडे जावे, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते.

दुखण्याचे दोन मार्ग

पाऊल सर्वांचे एकाच रीतीने दुखत नाही. काहींचे पाऊल आतल्या बाजूस वळते व भार बाहेरच्या कडेवर पडतो. शरीराची एकच बाजू बाधित असलेल्यांत हे अधिक आढळते. त्यांच्या करंगळीच्या बाजूस घट्टे पडतात आणि घोटा वारंवार मुरगळतो. याउलट, दोन्ही पाय बाधित असलेल्यांत पावलाची कमान बसून पाऊल बाहेर फाकण्याचे प्रमाण मोठे असते. टाच टेकता येत नाही म्हणून पाऊल मधूनच मोडल्यासारखे वाकते. मग घोट्याच्या आतल्या बाजूस आणि पावलाच्या मध्यभागी दुखू लागते. अंगठा इतर बोटांकडे झुकून त्याच्या मुळाशी हाड पुढे येते व तेथे चप्पल घासते.

तिसराही एक प्रकार आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. लहानपणी टाचेची कंडरा प्रमाणाबाहेर लांबवली गेली असेल, तर मोठेपणी पोटरी दुबळी पडते, गुडघे वाकवून चालावे लागते आणि भार टाचेवर आदळतो. अशा व्यक्तीला ‘पोटरी ताणा’ असा सल्ला देणे म्हणजे दुखणे वाढविणे होय. शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायाम आपल्यालाही लागू पडेल, ही समजूत या आजारात विशेष घातक ठरते.

यात एक दुष्टचक्रही असते. दुखण्याने स्नायूंचा ताठरपणा वाढतो आणि ताठरपणाने दुखणे. थंडी, थकवा, अपुरी झोप, अगदी नखाच्या कोपऱ्यातील छोटी जखमसुद्धा हे चक्र सुरू करू शकते. यासाठी रोज रात्री पाऊल उजेडात नीट पाहणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उपाय

पहिला उपाय पादत्राणांचा. मागे पट्टा नसलेली चप्पल पायात राहावी म्हणून बोटे आवळून धरावी लागतात आणि त्याने ताठरपणा आणखी वाढतो. मागे पट्टा, पुढे रुंद जागा आणि मऊ पण न दबणारा तळ असलेली सँडल बरी. टाच टेकतच नसेल तर तिच्याखाली योग्य उंचीची गादी दिल्याने भार विभागला जातो. घोट्याला आधार देणारे हलके प्लास्टिकचे साधन, ज्याला लोक सरसकट ‘कॅलिपर’ म्हणतात, ते पायाच्या मापानेच बनवावे लागते. बालपणीचे माप मोठेपणी चालत नाही आणि कोठे लाल वळ उठून तो अर्ध्या तासात मावळला नाही, तर साधन दुरुस्त करून घ्यावे. हाजीअली येथे १९५५ पासून असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तपासणीबरोबर अशी साधनेही तयार केली जातात.

आपल्या घरांची रीत येथे थोडी आड येते. घरात अनवाणी वावरायचे, जमिनीवर बसायचे, उकिडवे बसून शौचास जायचे. उकिडवे बसण्यास घोटा जेवढा वाकावा लागतो, तेवढा ताठर पोटरीला शक्यच नसतो. कमोड व शेजारी भिंतीला धरण्याची दांडी ही या घरात चैन नव्हे. घरात वापरण्यासाठी स्वच्छ सँडलचा वेगळा जोड ठेवला, तर चौकटीबाहेर काढलेल्या आधाराशिवाय दिवसाचे निम्मे तास चालण्याची पाळी येत नाही. पावसाळ्यात साधन व मोजे ओले राहिले तर त्वचा सोलवटते. मोज्यांचे दोन-तीन जोड हाताशी असणे बरे.

फिजिओथेरपिस्टने आखून दिलेला व्यायाम, स्नायूंची ताकद वाढविणे आणि दिवसाच्या कामाची वाटणी यांचा उपयोग औषधांपेक्षा अधिक काळ टिकतो. शेक घेताना पाण्याची उष्णता आधी हाताने पाहावी. काहींच्या पावलांना रक्तपुरवठा व संवेदना कमी असतात. निवडक स्नायूंत दिलेले बोट्युलिनमचे इंजेक्शन ताठरपणा काही महिने कमी करते. मात्र आखूड झालेली कंडरा त्याने लांबत नाही. शस्त्रक्रिया हा पुढचा मार्ग आहे व तो चालीची पूर्ण पाहणी केल्यावरच स्वीकारावा. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो. लांबच्या पल्ल्यासाठी काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणे ही हार मानू नये. एकच पाय दुखत असेल, तर काठी शक्यतो विरुद्ध हातात धरावी.

चाल थोड्या आठवड्यांत झपाट्याने बिघडली, हातांना बधिरपणा आला किंवा लघवीवरील ताबा सुटू लागला, तर ते पावलाचे दुखणे समजून थांबू नये. मानेतील मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता असते आणि तेथे विलंब महागात पडतो.

कार्यालय व गाव

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट २१ प्रकारांत मेंदूच्या पक्षाघाताचा समावेश आहे. प्रमाणपत्रावर टक्केवारी लिहिलेली असते, वेदना लिहिलेली नसते. सकाळी व्यवस्थित चालणारा कर्मचारी दुपारी लंगडतो, तेव्हा ‘सकाळी तर बरा होता’ हा शेरा अन्यायाचा ठरतो. शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी द्याव्यात, असे याच अधिनियमाच्या कलम २० मध्ये सांगितले आहे. अशा शिक्षकास तळमजल्यावरचा वर्ग आणि फळ्याजवळ उंच बैठक, कारकुनास पाय टेकण्यासाठी पाट, एवढ्याने दिवस निभावतो. रांगेत उभे करण्याऐवजी टोकन देऊन बसविणे, हे तर कोणत्याही ग्रामपंचायतीला खर्चाविना जमण्यासारखे आहे.

उतरंडीविषयी मात्र थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. १२ फूट लांबीस १ फूट चढ, म्हणजे सुमारे ५ अंश, ही कमाल मर्यादा मानली जाते. जागा नाही म्हणून त्याच्या दुप्पट चढाची उतरंड बांधली, तर खुर्चीवरचा माणूस ती चढू शकत नाही आणि ताठर घोट्याचा माणूस टाच टेकवू शकत नाही. चालू शकणाऱ्या पुष्कळांना उतरंडीपेक्षा कमी उंचीच्या, कठडा असलेल्या पायऱ्या सोयीच्या वाटतात. दोन्ही शेजारी असाव्यात.

दिंडोशीचे मेट्रो स्थानक एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाले. तेथे उद्वाहन आहे, त्यामुळे फलाटावरून रस्त्यावर येणे सुकर झाले. त्यानंतरचा चढ आणि वस्तीतील पायऱ्यांच्या अरुंद वाटा मात्र तशाच आहेत. अशा वाटेला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, ठराविक अंतरावर टेकायला एखादा ओटा आणि पायरीच्या कडेला पावसात न घसरणारी खरबरीत पट्टी, एवढे काम करण्यास मोठ्या निविदेची गरज पडत नाही.